सुट्या बंदुकांचे ठोंबरे काका

ठोंबरे काका गेले, असा केतकीचा मेसेज आला तेव्हा मी न्यू जर्सीत, आयसेलिनच्या एका दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या चाळत उभी होते. केतकी म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. मी तिला पहिलं काय विचारलं असेल? कधी नाही, कुठे नाही. कशानं गेले, हे विचारलं. उत्तर यायला दोन मिनिटं लागली आणि त्या दोन मिनिटांत मी हातातल्या जुडीची पार चिंधी केली. न्यूमोनिया. हॉस्पिटलमध्ये, झोपेत. ती शेजारी होती. आणि देवाशप्पथ सांगते, मला बरं वाटलं. मी कोथिंबीर घेतली, पैसे दिले आणि गाडीत येऊन बसले. रडू नंतर आलं.

माणूस गेल्याचं ऐकून बरं वाटतं म्हणजे मी काही चेटकीण नव्हे. पण न्यू जर्सीला येण्याआधी आम्ही काकांच्याच गावात, बॉथेलला राहायचो, आणि तिथलं आमचं शेवटचं वर्ष एकाच भीतीत गेलं होतं, ती म्हणजे काका स्वतःच्या हातानं स्वतःचं काहीतरी करून घेतील. काकू गेल्यावर ते घरात एकटे होते, आणि त्या घरात बंदुका होत्या. एक-दोन नाही, चांगल्या अकरा.

बंदुकांचा मराठी माणूस म्हटल्यावर मिशा वगैरे डोळ्यांसमोर येत असतील तर त्या काढून टाका. दिगंबर ठोंबरे हे बुटके, गोल पोटाचे, शुद्ध शाकाहारी गृहस्थ होते. मूळ नागपूरचे, पंचेचाळीसेक वर्षं अमेरिकेत काढलेले. विमानांच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होते आणि तिथूनच रिटायर झाले. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी छोटा स्क्रूड्रायव्हर. गॅरेजमध्ये उंदीर झाले तेव्हा त्यांनी पिंजरा लावला, आणि सापडलेला प्रत्येक उंदीर गाडीत घालून तीन मैलांवरच्या पार्कात सोडून आले. काकू म्हणायच्या, "तुमच्या आधी तोच घरी पोचतो."

बोलणं अजून नागपूरचंच. "काय करून राहिली?" असा फोन सुरू व्हायचा. काकू साताऱ्याच्या. त्या म्हणायच्या, "एवढ्या वर्षांत इंग्रजी सुधारलं यांचं, मराठी नाही." काका त्यावर खूश व्हायचे.

आमची ओळख होऊन दोन महिने झाले नसतील तेव्हा काकूंचा फोन आला, खंडेनवमीला या, घरी शस्त्रपूजन असतं. मी आणि अमोल, माझा नवरा, आम्हाला वाटलं, असेल एखादी जुनी तलवार, नाहीतर स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड मांडली असेल चौरंगावर. मी नारळ घेतला. गेलो तर दिवाणखान्यात पांढरी चादर अंथरलेली आणि तिच्यावर बंदुका. त्याही धड नाहीत. नळी एकीकडे, दस्ता एकीकडे, मधली खीळ तिसरीकडे. प्रत्येकीचे तुकडे तिच्यासमोर ओळीत मांडलेले आणि प्रत्येकीपुढे झेंडूचं एक फूल. काकू वाटीत कुंकू कालवत होत्या.

अमोलनं माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी काळानिळा झाला. आम्ही दोघं वर्क व्हिसावर. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं उभे, की रांग कुठल्या दिशेला आहे हेही विसरलो होतो. आणि व्हिसावरच्या माणसानं बंदूक जवळ बाळगणं हा इथं गुन्हा आहे. काही अपवाद असतात म्हणे, पण आमच्या वकिलानं सांगून ठेवलं होतं, बंदुकीच्या वाटेला जाऊ नका. आम्ही दोघं खिशात हात घालून, भिंतीला पाठ लावून उभे. काकांच्या लक्षात आलं.

"अरे बापा, एवढं काय घाबरता?" ते म्हणाले. "हात नका लावू. नमस्कार करा. नमस्काराला व्हिसा लागत नाही."

आम्ही लांबूनच नमस्कार केला. अमोलनं तर हात जोडायलाही खिशातून एकच बाहेर काढला होता. काकू हसून हसून खाली बसल्या.

या बंदुकांना म्हणतात सर्व्हायव्हल रायफल. काका आम्हाला त्यांचा इतिहास सांगायला लागले की काकू आतून ओरडायच्या, "अहो, चहा तरी पिऊ द्या तिला." पण मला ऐकायला आवडायचं. दिवसभर लॅबमध्ये पेशींच्या बशा मोजून डोळे आंबलेले असायचे, संध्याकाळी कुणीतरी सोप्या भाषेत काहीतरी निरुपयोगी सांगतंय, हे सुख होतं. तर, आधी सुट्या होणाऱ्या बंदुका सायकलवाल्यांच्या. कुत्री मागे लागायची म्हणून सायकलला टांगायच्या छोट्या बंदुका निघाल्या, फार जुन्या काळात. मग विमानं आली. दुसऱ्या महायुद्धानंतर वैमानिक उत्तर ध्रुवाकडच्या बर्फावरून उडायला लागले. विमान पडलं आणि वैमानिक वाचला, तरी शोधायला माणसं येईपर्यंत त्यानं खायचं काय? म्हणून सीटखालच्या पेटीत मावेल अशी बंदूक हवी होती. ससा मारता यावा, पक्षी मारता यावा. लढाईसाठी नव्हेच ती. एकीला पत्र्याचं अंग आणि आत सरकणारा तारेचा दस्ता. एक मधोमध दुमडणारी, दोन नळ्यांची, गाल टेकवायच्या जागेखालच्या डबीत काडतुसं ठेवायची. एक तर अशी की सगळे तुकडे तिच्याच प्लास्टिकच्या दस्त्यात मावतात आणि पाण्यात पडली तरी तरंगते.

"आता हिचा ट्रिगर बघ," काका दुमडणारीकडे बोट दाखवायचे. "आहे का नेहमीसारखा? नाही. रुंद पट्टी आहे. काहून?"

मला माहीत नसायचं. एकदा त्यांनी अमोलला बर्फातले जाड हातमोजे घालायला लावले आणि म्हणाले, आता शर्टाची बटणं लाव. अमोल पाच मिनिटं झटापट करत होता. "समजलं? मोजे काढले तर बोटं जातात. म्हणून पट्टी. मुठीनं दाबायची." आणि मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "कुणीतरी टेबलाशी बसून एवढा विचार केला बघ. की एक माणूस पडेल, एकटा असेल, थंडीनं काकडलेला असेल, आणि तरी तो जगला पाहिजे."

मला वाटतं, काकांचं सगळं वेड त्या एका वाक्यात होतं. ते इथं आले तेव्हा चोविसाचे होते, कुठल्यातरी बर्फाळ गावात, एका तळघरातल्या खोलीत. मराठी बोलायला कुणी नाही. भारतात फोन करायचा तर आधी नंबर लावून वाट बघत बसायचं. त्या हिवाळ्यात कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्यानं त्यांना त्याच्या घरी नेलं आणि ही तरंगणारी बंदूक उघडून दाखवली. काका म्हणायचे, मला रडूच आलं, त्याला वाटलं मी बंदुकीला घाबरलो. महिनाभरानं त्यांनी तसलीच एक विकत घेतली. मग अकरा झाल्या. काकांनी त्यातल्या एकीतूनही कधी गोळी झाडली नव्हती. घरात काडतूस ठेवायचं नाही हा काकूंचा नियम होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

गोळा करणाऱ्यांच्या जगात बंदुकीचा मूळ रंग, मूळ पिशवी आणि मूळ सूचनांचा कागद यांना फार मान. काकांकडे तसले चार कागद होते, पिवळे पडलेले, चित्रांचे. ते मला वाचून दाखवायचे. "घाबरलेल्या माणसासाठी लिहिलंय. वाक्यं बघ किती छोटी." अकरांतल्या दोन बंदुकांचा तर कायद्याच्या कागदांचा गठ्ठाच वेगळा होता, कारण त्यांची नळी ठरल्या मापापेक्षा दोन इंच आखूड. तो गठ्ठा बघून अमोल म्हणाला होता, "काका, हिचं ग्रीन कार्ड आमच्या आधी होईल."

आणि मूळ रंगाची वाट लावायचं काम काकूंकडे. दर खंडेनवमीला ओल्या कुंकवाचं बोट. हळद-चुन्याचं ते ओलं कुंकू निळसर पोलादावर रात्रभर राहायचं, कारण पूजा उचलायची ती दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला. तेवढ्यात बोटाएवढा गंज धरायचा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा. एका गन शोमध्ये काकांनी दोन बंदुका टेबलावर मांडल्या होत्या. एक पांढऱ्या दाढीचा जाणकार भिंग घेऊन आला, वाकला, आणि म्हणाला, बाकी सगळं सुंदर आहे, पण प्रत्येकीवर एकाच जागी हा खड्डा कसला? काका म्हणाले, "My wife." शेजारी काकू थालीपिठांचा डबा उघडून बसलेल्या. त्यांनी त्यालाही एक दिलं. त्यानं ते खाल्लं आणि पुढे कधी गंजाचा विषय काढला नाही, असं काका सांगायचे. मी काकांना एकदा म्हटलं, सुकं कुंकू लावायला सांगा ना. तर म्हणाले, "सांगून पाह्यलं. सुकं टिकत नाही म्हणते नलू."

काकू त्या शेवटच्या वर्षी फेब्रुवारीत गेल्या. कॅन्सर होता, कळल्यापासून चार महिने. केतकी मॅसेच्युसेट्समध्ये, श्रूजबरीला असते. ती आली, पंधरा दिवस राहिली, "Dad, just come with me" असं रोज म्हणाली, आणि शेवटी नोकरीवर परत गेली. काका आले नाहीत. मराठी मंडळातल्या लोकांनी महिनाभर आळीपाळीनं डबे दिले. मग लोक आपापल्या कामाला लागले. मीही लागले, खोटं कशाला बोलू? आमच्या कंपनीत माणसं कमी करणं चालू होतं. दर शुक्रवारी एखादं टेबल रिकामं. नाशकात आईचे गुडघे, व्हिडिओ कॉलवर तिचं तेच तेच. घरी मुलाच्या शाळेचे ईमेल. मला त्या दिवसांत कुणी "कशी आहेस?" विचारलं तर मी "झोपायचंय" म्हणायचे.

एप्रिलमधल्या एका शनिवारी काका दारात उभे. हातात दह्याचा मोठा डबा, दुकानातला प्लास्टिकचा, आपल्या प्रत्येकाच्या घरात धुऊन ठेवलेले असतात तसला. मला वाटलं, मेतकूट आणलं. घेतला तर खांदा खाली गेला. आत तेलकट कागदात गुंडाळलेले लोखंडाचे तुकडे होते. अकरा पुड्या, प्रत्येकीवर काकांच्या बारीक अक्षरात नंबर.

"हे प्रत्येकीतलं एकेक," काका म्हणाले. "कुणाची खीळ, कुणाची मधली पिन. हे नसलं की ती बंदूक नुसती काठी आहे. ठेव तुझ्याकडे."

अमोल आतून आला आणि पांढराफटक पडला. पण काकांनी त्याचीही सोय केली होती. खिशातून कागद काढला, छापलेला, पिवळ्या रंगानं ओळी रंगवलेल्या. हे सुटे भाग म्हणजे कायद्यानं बंदूक नव्हे, हे त्यात होतं. "तुमच्या वकिलाला दाखवा," ते म्हणाले. अमोलनं खरंच दाखवला. वकिलानं ठीक आहे म्हणून कळवलं, पण हे नक्की कशासाठी, असं विचारलं. तेच मी काकांना दारातच विचारलं होतं.

"नलू गेल्यापासून घरात अकरा बंदुका आहेत आणि एक मी," काका म्हणाले. "काल गाडी घेऊन दुकानात गेलो होतो. काडतुसांच्या. घेतली नाहीत. पण गेलो होतो. माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला, वैशाली."

हे त्यांनी चपला न काढता, पायपुसण्यावर उभं राहून सांगितलं. मी त्यांना आत ओढलं, चहा केला, डॉक्टरांकडे चला म्हटलं. जाईन म्हणाले. केतकीला सांगते म्हटलं तर हात जोडले, तिला नको. मी बरं म्हणाले. आणि ते गेल्यावर, खरं सांगते, मला पहिल्यांदा राग आला. मीच का? माझ्या डोक्यावर काय कमी होतं म्हणून तुम्ही तुमचा जीव दह्याच्या डब्यात घालून माझ्या ओट्यावर आणून ठेवता? मी तो डबा डाळींच्या मागे, सगळ्यात वरच्या फळीवर सरकवला आणि दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी मी केतकीला फोन केला. शब्द मोडला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन. केतकी रडली, विमानात बसली, आली. त्यांना डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला एका समुपदेशक बाईशी बोलणं सुरू झालं. बंदुका आत्ताच्या आत्ता विकून टाकू, असं केतकी म्हणाली. काका म्हणाले, सगळ्या एकत्र घेणारा सापडेपर्यंत नाही, आणि भाग वैशालीकडे आहेत तर तुला भीती कसली? दोघांचं त्यावर भांडण झालं. आणि माझ्याशी काका तीन आठवडे बोलले नाहीत. मी दर मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिसमधून येताना भाजीचा डबा घेऊन जायचे. ते दार उघडायचे, डबा घ्यायचे, दार लावायचे. मी म्हणायचे, नका बोलू, जेवा म्हणजे झालं. चौथ्या आठवड्यात दार उघडून म्हणाले, "भेंडी चिकट झाली होती." मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू!

ऑगस्टपर्यंत मी सैल पडले होते. काका फिरायला जायला लागले होते, दाढी करत होते. आणि एका बुधवारी दुपारी, मी घरून काम करत असताना, बेल वाजली.

"माझा डबा दे," काका म्हणाले. "उद्या डीलर येणार आहे. सगळ्या एकत्र घेऊन राहिला. भाग लावून ठेवायला पाहिजेत."

दाढी केलेली होती. शर्ट इस्त्रीचा होता. हसत होते. सगळं बरोबर होतं, जरा जास्तच. खरंच डीलर येणार असेल तर? आपण कोण त्यांच्या वस्तू अडवून ठेवणाऱ्या? सत्तरीला टेकलेल्या शहाण्या माणसाला खोटं पाडायचं का? मी म्हटलं, बसा, आणते. स्वयंपाकघरात जाऊन केतकीला फोन लावला. तिनं उचलला नाही. मेसेज केला. उत्तर नाही. अमोल ऑफिसमध्ये. बाहेरून काकांचा आवाज, "सापडत नाही का?"

मी स्टुलावर चढले आणि तो डबा काढला. हातात धरून उभी राहिले. मग तो परत डाळींच्या मागे ठेवला. ओट्याखालून तसलाच दुसरा, धुऊन ठेवलेला डबा काढला. परवाच बेसनाचे लाडू केले होते. कुणाचा डबा आपण रिकामा परत करत नाही, एवढं एकच मला त्या घडीला सुचलं. लाडू भरले, झाकण लावलं, बाहेर येऊन त्यांच्या हातात दिला.

काकांनी तो घेतला. त्यांच्या हाताला वजन लगेच समजलं.

"हलका आहे," ते म्हणाले.

"बेसनाचे आहेत," मी म्हटलं. "काका, तुमचे भाग मी देणार नाही. डीलर आला की मी स्वतः घेऊन येईन, त्याच्या समोर लावा. आत्ता देणार नाही. पोलीस आणा, नाहीतर मंडळात जाऊन माझी तक्रार करा. नाही म्हणजे नाही."

काकांनी डबा दोन्ही हातांत धरला. मग चपलांच्या रॅकवर बसले. झाकण उघडलं. एक लाडू काढला आणि खायला लागले. खाता खाता रडायला लागले. "डीलर नाही कुणी," ते म्हणाले. "उद्या कुणी येऊन नाही राहिलं."

मी त्यांच्याजवळ फरशीवर बसले. माझी मीटिंग चालू होती, लॅपटॉपमधून कुणीतरी माझं नाव घेत होतं. घेऊ दे. त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या डॉक्टरला फोन लावला. अमोल आला, आम्ही दोघं त्यांना घेऊन गेलो. ते आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होते. त्यांनी मला अडवलं नाही, गाडीत बसायला आढेवेढे घेतले नाहीत. मला नंतर कितीदा वाटलं, भाग हवेच असते तर ते इतके दिवस गप्प का बसले असते? एका मनानं त्यांनी ते माझ्याकडे आणून टाकले होते आणि दुसऱ्या मनानं मागायला आले होते. मी पहिल्या मनाचं ऐकलं. बरोबर केलं की चूक, याचा विचार करायलासुद्धा माझ्यात त्राण नव्हतं.

पुढे काही चमत्कार वगैरे झाला नाही. गोळ्या बदलल्या. त्या बाईकडे आठवड्यातून दोनदा जाणं सुरू झालं. काही दिवस बरे, काही दिवस अंथरुणातून उठायचेच नाहीत. केतकी महिनाभर घरून काम करत त्यांच्याजवळ राहिली. तिनंच शोधून शोधून खरी डीलर गाठली, लिंडा नावाची साठीची बाई, कॅस्केड डोंगरांच्या पलीकडची. एका छोट्या विमान संग्रहालयासाठी तिला सगळ्या बंदुका एकत्र हव्या होत्या.

ती आली त्या दिवशी मी कबूल केल्याप्रमाणे डबा घेऊन गेले. काकांनी चादर अंथरली. एकेक पुडी सोडून, एकेक बंदूक पूर्ण करून लिंडासमोर ठेवली. माझे हात खिशात. लिंडानं गंजाचे खड्डे बघितले, आणि आता काय सांगायचं म्हणून मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "Those stay. Don't let anybody polish them." तिनं ते फॉर्मवर लिहून घेतलं. दोन तास कागदपत्रं चालली, मग तिनं अकराच्या अकरा खोक्यात बंद करून व्हॅनमध्ये चढवल्या. काका व्हॅनपर्यंत गेले नाहीत. चादरीची घडी घालत बसले.

केतकीनं त्यांची बॅग भरून ठेवली होती. तिला वाटत होतं, आता तरी श्रूजबरीला चलतील. काका म्हणाले, हिवाळ्यात येतो, दोन महिने राहतो. पण आत्ता नाही. केतकी चिडली. "Dad, you can't be alone here." ते मराठीतच म्हणाले, "आता राहता येईल." केतकी बॅगेतले कपडे परत कपाटात लावायला लागली.

आणि आमचंही बॉथेल सुटत होतं. शुक्रवारची पाळी माझ्यावरच आली होती. नोकरी गेली की व्हिसावाल्याला नवी शोधायला साठ दिवस मिळतात, त्यातल्या एक्केचाळिसाव्या दिवशी मला न्यू जर्सीत नोकरी मिळाली. घर आवरलं, सामान ट्रकमध्ये गेलं. निघायच्या सकाळी आम्ही काकांकडे गेलो. मला त्यांना तिथं सोडून जायचा धीर होत नव्हता. मी दारात उभं राहून यादीच वाचायला लागले. गोळ्यांचा डबा इथं आहे, मंगळवारी पलीकडच्या गल्लीतल्या जोशी मावशी येतील, रोज आठ वाजता मी फोन करणार, उचलला नाही तर मी सरळ पोलिसांना पाठवणार, मस्करी समजू नका.

काका अर्ध्या बाहीच्या स्वेटरमध्ये उंबऱ्यावर उभे होते. हातात पाण्याचा पाइप, काकूंच्या गुलाबांना पाणी घालायला निघालेले. माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. गाडीत मुलगा हॉर्न वाजवत होता.

"जा तू आता," ते म्हणाले. "उशीर होऊन राहिला. मी आहे."